डाव्या कुशीवरचा आवाज

हंसा गेली तेव्हा आनंदी नर्सला बोईसरच्या त्या लहानशा दवाखान्यात येऊन वर्षही झालं नव्हतं. हंसा तारापूरच्या कोळीवाड्यातली, पहिलटकरीण. दम लागतो म्हणायची, म्हणून आनंदीनेच तिला रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या होत्या. कळा सुरू झाल्या आणि तिच्या छातीत पाणी भरलं, श्वास घेता येईना. जीपमधून मुंबईला नेताना वाटेतच तिने प्राण सोडला.

"हृदयाची झडप अरुंद असणार," डॉक्टर चुरी म्हणाले. "ऐकू आलं असतं. आपण नीट ऐकलंच नाही."

दुसऱ्या दिवशी आनंदी त्यांच्या टेबलापाशी उभी राहिली. "मला ऐकायला शिकवा."

"ते नर्सचं काम नाही."

"बायका आधी माझ्याकडे येतात, डॉक्टर."

डॉक्टरांनी खणातून आपला जुना स्टेथोस्कोप काढला. "आधी दोनशे चांगली हृदयं ऐका. मग बिघडलेलं खटकेल."

आनंदीने चंगच बांधला. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावरचे मजूर जखमा बांधायला येत, त्यांच्या छातीवर ती नळी टेकवी. "सिस्टर, चल रहा है ना?" ते हसत. लब्-डब्, मग थोडी शांतता, पुन्हा लब्-डब्. एकदा तिला काहीतरी वेगळं सापडलं म्हणून ती धावत गेली, तर डॉक्टर म्हणाले, "ती पोटातली गुरगुर आहे." ती ओशाळली, पण थांबली नाही.

चार महिन्यांनी मनोरकडच्या डोंगरातून पारू आली. सहावा महिना. सोबत नवरा झिपरू.

"बाय, आडवी झाले का खोकला येतो. बसूनच निजते," पारू म्हणाली.

उताणी असताना वेगळं काहीच ऐकू येईना. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं आनंदीने तिला डाव्या कुशीवर वळवलं, स्टेथोस्कोपची घंटीसारखी बाजू हलकेच टेकवली. 'डब्'नंतर जिथे शांतता हवी, तिथे खोल घरघर होती.

डॉक्टरांनी ऐकलं, मान हलवली. "काही नाही."

बाहेरून ट्रक जात होते. आनंदीने उठून खिडकी लावली. "पुन्हा ऐका. दाबू नका, दाबलं की तो आवाज हरवतो."

डॉक्टरांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आहे. मुंबईला पाठवा. झडप मोकळी करतील."

"कापतील?" झिपरू उसळला. "नाय नेनार मी."

आनंदीने नळ्या त्याच्याच कानांत घातल्या. आधी त्याचं स्वतःचं हृदय ऐकवलं, मग पारूचं. झिपरू कितीतरी वेळ वाकून राहिला.

"माजा असा नाय करत," तो हळूच म्हणाला. "कवा जायचा?"

मुंबईत झडप मोकळी केली. दिवस भरल्यावर मुलगी झाली. पावसाळा सरल्यावर पारू तिला घेऊन आली, तेव्हा आनंदीने पुन्हा तिला कुशीवर वळवलं. घरघर होती, पण फार बारीक.

"अजून थोडं आहे, पारू. झडप पुन्हा बिघडू नये म्हणून दर महिन्याला सुई घ्यायला यायचं. एकही चुकवायची नाही."

"येन," पारू म्हणाली. तिने पोरीला पाठीशी बांधलं आणि मनोरच्या एसटीकडे निघाली.