गॅरेजातलं जेवणाचं टेबल

माणूस स्वतःच्या हातांनी जे घडवतो, त्यात त्याचा आत्मा उतरतो. व्हर्लिन हाउगनचा आत्मा पहिल्यांदा उतरला तो एका स्टुलात. स्टुलाला पाय चार होते, पण जमिनीला एका वेळी तीनच टेकायचे. आणि कुठले तीन, ते स्टूल ऐनवेळी ठरवायचं.

व्हर्लिन अमेरिकेच्या उत्तरेकडच्या डुलुथ शहरातल्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झाला होता. उभी हयात लोकांच्या घरांची किंमत ठरवण्यात गेली, तेव्हा आता आपण स्वतः काहीतरी किमती बनवावं असं त्याच्या मनाने घेतलं. हिवाळाभर त्याने सुतारकामाचे व्हिडिओ पाहिले. बर्फ वितळल्यावर यंत्रं आली. एक लाकूड चिरायचं, एक तासायचं, एक भोकं पाडायचं, आणि चौथं या तिघांनी उडवलेला भुसा ओढून घ्यायचं. यंत्रं गॅरेजात आली म्हणून मार्लिसची गाडी बाहेर गेली.

मार्लिस म्हणजे व्हर्लिनची बायको, शाळेत नर्स. ऑक्टोबरपासून गाडीच्या काचेवर रोज सकाळी बर्फ साचायला लागला. ती तो व्हर्लिनच्या उशाशी असलेल्या खिडकीखाली उभी राहून खरवडत असे, आणि काच स्वच्छ झाल्यावरही बराच वेळ खरवडत असे.

त्याआधी सप्टेंबरात व्हर्लिनने आत्मविश्वासाच्या भरात घरातलं जेवणाचं टेबल चर्चच्या जुन्या बाजाराला देऊन टाकलं होतं.

“आणि नवीन कुठाय?” मार्लिसने विचारलं.

“होतंय. थँक्सगिव्हिंगच्या आत. अक्रोडाचं.”

“यंदा सणाचं जेवण आपल्याकडे आहे, व्हर्लिन. अर्लीन येणारे.”

“येऊ दे की.”

“मग ऐक. त्या दिवशी सगळे तू केलेल्या टेबलावर जेवले आणि अर्लीनने त्याला बरं म्हटलं, तर गॅरेज तुझं. नाहीतर यंत्रं जातील आणि माझी गाडी आत येईल.”

अर्लीन ही मार्लिसची थोरली बहीण. त्या भागात माणसं कौतुक फार जपून खर्च करतात. ‘तसं वाईट नाही’ ही तिथली सर्वोच्च पदवी. आणि ‘वेगळंच आहे हं’ असं कुणी म्हटलं, की ती वस्तू मुकाट्याने तळघरात नेऊन ठेवायची असते. लग्नाआधी अर्लीनने घरच्यांना गॉर्डी दाखवला, तेव्हा तिचे वडील ‘वेगळाच आहे हं’ म्हणाले होते. गॉर्डी आजही बराचसा तळघरातच असतो.

व्हर्लिन कामाला लागला. अडचण एकच होती. त्याला करवतीच्या यंत्राची भीती वाटायची. बटण दाबलं की ते असं किंचाळायचं, की तो बाहेर अंगणात जाऊन उभा राही आणि ते शांत होण्याची वाट पाही. ते आपणहून शांत होत नसे. मग तो घराला वळसा घालून तळघरात जाई आणि अख्ख्या गॅरेजची वीज बंद करी.

अशा अवस्थेत त्याला कुणाच्या तरी अंगणातल्या जुन्यापान्याच्या विक्रीत एक हातरंधा मिळाला. पातं परजून त्याने तो पाइनच्या तुकड्यावरून ढकलला. सर्र्र आवाज झाला आणि कागदासारखी ढलपी वेटोळं घालत वर आली. व्हर्लिनने ती नाकाशी धरली. त्याक्षणी चारही यंत्रांशी त्याचं नातं संपलं.

रंधा मारायला न हलणारं बाक लागतं. ते त्याने बांधकामाच्या स्वस्तातल्या पाइनचं केलं: हातकरवतीने कापलेलं, कमरेइतकं उंच, व्हरांड्याच्या खांबांसारखे पाय, एका टोकाला लाकूड पकडायचा लोखंडी शिकंजा. हे काही कुणाला दाखवायचं नव्हतं, म्हणून तो बिनधास्त कापत गेला. बाकाचे चारही पाय जमिनीला टेकले. हे त्याच्या लक्षातही आलं नाही, कारण त्याचं सगळं लक्ष टेबलाकडे होतं.

टेबलाच्या फळ्या तो रोज रंधत होता. एक बाजू सपाट झाली की दुसरी उंच वाटे. दुसरी उतरवली की पहिली खुपे. नोव्हेंबर सरत आला तेव्हा फळ्या अगदी सपाट झाल्या होत्या.

थँक्सगिव्हिंगच्या सकाळी मार्लिस गॅरेजात आली. “टेबल?”

व्हर्लिनने एक फळी उचलून दाखवली. ती वाकली.

“व्हर्लिन, आई नाताळात लेफ्सेची पोळी लाटायची, ती याहून जाड असायची.”

“अस्सल अक्रोड आहे.”

“होतं.” ती फळीकडून बाकाकडे वळली. त्यावर दोन्ही हात ठेवून तिने जोर लावला. बाक ढिम्म. “हे कुणी केलं?”

“ते टेबल नाही, बाक आहे.”

“केलं कुणी?”

“मीच.”

“मग वाद घालू नकोस. ते टोक धर, आत नेऊ.”

दोघांनी धरलं. मग शेजाऱ्यालाही बोलावलं. बाक बोटभरही उचललं गेलं नाही. तेव्हा मार्लिसने घरातला टेबलक्लॉथ आणून गॅरेजातच अंथरला आणि हीटर लावला.

पाहुणे कोट घालूनच जेवायला बसले. खुर्च्या नेहमीच्या, बाक कमरेइतकं; त्यामुळे सगळ्यांच्या हनुवट्या ताटांना टेकल्या. एक खुर्ची कमी पडली, म्हणून अर्लीनला रंगाच्या उपड्या बादलीवर बसवलं. व्हर्लिन ताट सोडून तिच्याकडेच पाहत होता.

गॉर्डी भाजलेली टर्की कापायला उभा राहिला. दरवर्षी ती त्याच्या हातातून निसटते. गेल्या वर्षी थेट अर्लीनच्या मांडीत गेली होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं, टर्की शिकंज्यात धरली आणि दांडा फिरवला.

“गॉर्डी!” अर्लीन ओरडली.

“थांब गं जरा,” गॉर्डी म्हणाला आणि सुरी चालवली. टर्की हलली नाही. बाक हललं नाही. काप एकसारखे पडत गेले, आणि अर्लीनची मांडी कोरडी राहिली.

अर्लीनने बाकाची कड बोटांनी चाचपली. खाली वाकून पाय पाहिले.

“तसं वाईट नाही,” ती म्हणाली.

व्हर्लिन उठून भुशाच्या यंत्रामागे गेला आणि नाक शिंकरून परत आला. मार्लिसने बटाट्याचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. “जिंकलास. खा आता.”

“गॉर्डीसाठी असलंच एक कर,” अर्लीन म्हणाली. “तळघरात ठेवायला.”

नाताळाच्या आत व्हर्लिनने चारही यंत्रं स्वतःहून विकली. गॅरेजात एवढी मोकळी जागा झाली, की मार्लिसने गाडीची किल्ली हातात घेतली. पण अर्लीनमागोमाग चर्चच्या स्वयंपाकघराने बाक मागितलं, मग शेजाऱ्याने, मग शेजाऱ्याच्या मेहुण्याने. आता गॅरेजात चार अर्धवट बाकं आहेत. घरात जेवणाचं टेबल नाही, आणि गाडी बाहेरच असते.