पट्ट्याखालची भुकटी

आमच्या लाँड्रीतला धुण्याचा मोठा ड्रम मोटरवर फिरतो, आणि मोटरची ताकद ड्रमपर्यंत नेतो एक रबरी पट्टा. तो जाळीच्या आत असतो. जाळी रोज कोण उघडणार? म्हणून दादाची, माझ्या थोरल्या भावाची, एक रीत होती. मशीन सुरू करण्याआधी तो वाकून जाळीखालची फरशी बघायचा. पट्टा झिजायला लागला की खाली काळी भुकटी पडते. भुकटी दिसली तर जाळी उघडायची, नाहीतर नाही. "पट्टा तुटण्याआधी सांगून ठेवतो," दादा म्हणायचा, "माणसासारखा दगा देत नाही."

एके दिवशी पट्टा न सांगताच तुटला. तुटलेलं टोक जाळीखालून सुटलं आणि इस्त्रीवाल्याच्या पोटरीवर बसलं. कातडी सोलली, हाड वाचलं.

फिटरने जाळी काढून पट्ट्याचा तुकडा बोटांत फिरवला. "हा बघा दादा. एक बाजू काचेसारखी गुळगुळीत, आतून भेगा. मोटर तिरकी बसलीय, म्हणून एकाच अंगाने घासलाय. भुकटी कधीची पडत असणार. तुमच्या नजरेतून सुटलीच कशी? तुम्हाला तर माझ्या शर्टावरचा परवाचा डागसुद्धा दिसतो!"

हसला फक्त इस्त्रीवाला, ज्याची पोटरी सोलली होती तोच.

"सकाळीच बघितली होती फरशी," दादा म्हणाला. "स्वच्छ होती." मग त्याने मशीनघराची किल्ली काढून फिटरच्या हातात ठेवली. "आता तू सांभाळ. माझे डोळे गेले. आज पोटरी होती, उद्या कुणाचं डोकं असेल."

वहिनी दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला. का, ते मला ठाऊक होतं. मागे दादा सांडलेल्या साबणावरून घसरला होता. तेव्हापासून ती त्याच्या आधी येऊन मशीनघर झाडून-पुसून लख्ख करायची. कळलं तर तो रागावेल म्हणून त्याला सांगितलं नव्हतं. मी बाहेर बसून कपड्यांच्या चिठ्ठ्या लिहायचो आणि तिची सुपली रोज बघायचो. भुकटीची कथा आम्ही दोघांनी दादाकडून शंभरदा ऐकली होती, पण सुपलीतली काळी पूड बघून ती आठवली नाही, तिलाही नाही आणि मलाही नाही.

संध्याकाळी घरी वहिनीने सांगून टाकलं. "अहो, तुमचे डोळे ठणठणीत आहेत. भुकटी मीच झाडत होते."

"बरं," दादा म्हणाला.

"बरं काय? विचारा की भाऊजींना."

"त्याला काय विचारायचं? तू रात्र म्हणालीस तर भर दुपारी दिवा लावेल तो."

"दादा, ती खरं बोलतेय," मी म्हणालो. माझं बोलणं नेहमीच चाचरत येतं. त्या वेळी ते मलाच खोटं वाटलं.

दादा वहिनीकडे वळला. "पेपर वाचता आला नाही, तर शाई फिकी. सुईत दोरा गेला नाही, तर नेढं बारीक. ठेच लागली, तर पायरीच वाकडी. आणि आता ही भुकटी. अगं, किती सांभाळून घेशील?"

हे सगळं तीच म्हणत आली होती, त्याच्या समाधानासाठी. आणि तो इतक्या मायेने बोलला की तिला चिडताही येईना.

नवा पट्टा बसला. वहिनीने मशीनघर झाडायचं सोडलं. काही दिवसांनी जाळीखाली पुन्हा काळी पूड दिसली, तशी तिने ती कागदावर घेतली आणि तडक घरी आली. मीही तिच्या मागे आलो. दादा खिडकीशी मटार सोलत बसला होता. ती दारातच थांबली.

"हे काय आहे, सांगा बघू."

दादाने मान वर केली. "पट्ट्याची भुकटी. तिरकी मोटर सरळ केलेली दिसत नाही अजून. फिटरला सांगा."

"दिसली ना!" वहिनी जवळजवळ ओरडलीच. "एवढ्या लांबून दिसली ना?"

"समोर आणून धरल्यावर कुणालाही दिसतं गं," दादा म्हणाला. "शोधून सापडायला हवी होती."

वहिनीने कागद माझ्या हातात दिला. फिटरकडे निरोप घेऊन मीच गेलो. मोटर खरोखरच अजून तिरकी निघाली. परत येऊन दादाला तसं सांगितलं.

"चांगलं झालं," तो म्हणाला आणि टरफलं गोळा करू लागला.