नाडीवैद्यांची सळई

मी एक जुनी लोखंडी सळई आहे. मित्रांनो, नाकं मुरडू नका. रूपाच्या नावाने माझी बोंबच आहे, हे मला ठाऊक आहे. छातीइतकी उंची, खाली बोथट टोक आणि वर आडवी मूठ, एवढाच काय तो माझा थाट. पण जमिनीच्या पोटात काय दडलंय ते मला शिवून सांगता येतं. ही विद्या तुमच्या घरातल्या चकचकीत वस्तूंपैकी कुणाला येते का, विचारून बघा.

एका लोहाराने मोडक्या फाटकाच्या गजातून मला घडवलं आणि मी पाणीपुरवठा खात्यातल्या एका फिटरच्या हाती आले. त्याला आता बावीस वर्षं झाली. गळती दुरुस्त करायची तर आधी पाइप नेमका कुठून गेलाय ते कळायला हवं, आणि खात्याचे नकाशे म्हणजे सगळा अंदाजपंचे कारभार! फिटर मला ओल्या मातीत हलकेच दाबत. दगड लागला की मी करकरीत थरथरे, मूळ लागलं की मवाळ, आणि पाइप लागला की जराशी थरथरून बाजूला घसरे. त्यांचा तळहात वर मुठीवर असे, पण स्पर्श मात्र त्यांना खाली माझ्या टोकाशी जाणवे. "मूळ आहे," असं ते पुटपुटत आणि खणल्यावर मूळच निघे. लोक त्यांना नाडीवैद्य म्हणू लागले. कौतुक त्यांचं होई आणि ऊर माझा भरून येई.

त्यांच्या तळहातांना मात्र फोड येत. त्यांची लेक दवाखान्यात हाताच्या दुखण्यांवर व्यायाम शिकवते. तिला ते बघवेना. एका सुट्टीत तिने माझ्या मुठीवर स्पंजची जाड, मऊ पट्टी घट्ट गुंडाळली.

"आता दुखणार नाही, बाबा," ती म्हणाली. बाबा खूश झाले. मीही खूश झाले, खोटं कशाला बोलू?

पुढच्याच आठवड्यात बेकरीसमोरच्या गल्लीत घात झाला. माझं टोक प्लास्टिकच्या पाइपाला लागलं. मी जीव तोडून थरथरले, पण ती थरथर स्पंजातच जिरली. नाडीवैद्यांना वाटलं, मूळ आहे. त्यांनी अंगाचा भार टाकला आणि पाइप फुटला. पाणी बेकरीच्या पाटीपर्यंत उडालं. गल्लीचे नळ दोन दिवस कोरडे राहिले. "वैद्यांनीच नाडी कापली," असं म्हणून लोक हसले.

नाडीवैद्य हसले नाहीत. "माझा हात मेला," ते घरी येऊन म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कचेरीतलं बैठं काम मागणारा अर्ज लिहायला घेतला. मी कोपऱ्यात उभी होते. इतकं असहाय मला कधीच वाटलं नव्हतं.

लेकीने अर्ज बाजूला सारला. "आधी हात तपासू. मला तपासू दे. डोळे मिटा, सळई धरा. मी चमच्याने कुठे टिचकी मारली, ते सांगा."

"मधोमध?"

"नाही."

"मग खाली टोकाशी."

"नाही, बाबा." तीनदा चुकल्यावर बाबांनी मला भिंतीला टेकवलं. "बघ, म्हटलं नव्हतं?"

मग तिनेच मला हातात घेतलं आणि डोळे मिटले. "आता तुम्ही मारा."

तीही तीनदा चुकली. चौथ्यांदा तिने डोळे उघडले आणि कपाळावर हात मारला. "दिव्याखाली अंधार! अहो बाबा, हात मेलेला नाही, मी सळईच मुकी केली. तिची थरथर तळहातात पोचते, तेव्हा मेंदू सळईला आपलं बोटच मानतो. रुग्णांना मी हेच समजावते, आणि घरी मात्र थरथरीवर गादी घातली!"

तिने कात्रीने पट्टी कापून काढली. उघड्या लोखंडावर तो खरखरीत, ओळखीचा तळहात पुन्हा टेकला. टिचकी पडली.

"टोकापासून वीतभर वर," नाडीवैद्य लगेच म्हणाले.

"आणि आता?"

"मुठीच्या चार बोटं खाली. आणि चमचा आडवा धरलायस." ते हसत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. अर्ज त्यांनी स्वतःच फाडला.

मित्रांनो, मला पुसून कोरडं ठेवलंत तर मी आणखी बावीस वर्षं राबेन. काळजी जरूर घ्या. पण ज्याची घ्याल, त्याला आधी विचारा. लेकीने त्या दिवशी प्रथमच विचारलं, "बाबा, फोडांसाठी तुम्हाला नक्की काय हवंय?"

"संध्याकाळी तळहातांना जरा तेल चोळून दे," ते म्हणाले. "आणि बस थोडा वेळ."

ती हातात तेलाची बाटली घेऊन त्यांच्याजवळ बसली.