बरणीची जीप

आर्वीच्या बस स्टँडमागे नत्थूजी मिस्त्रींचं गॅरेज होतं. एक्क्याऐंशी साली पेट्रोल पुन्हा महागलं, तेव्हा त्यांनी बायकोची, लीलाबाईंची, लोणच्याची काचेची बरणी उचलली आणि पेन्शनीत निघालेल्या बापूजी मास्तरांच्या मदतीनं तिचं यंत्र केलं. बरणीत पाणी आणि थोडा कास्टिक सोडा, त्यात स्टीलच्या दोन पट्ट्या, पट्ट्यांना बॅटरीची वायर. गाडीची किल्ली फिरवली की बुडबुडे सुटायचे. तो हायड्रोजन रबरी नळीतून इंजिनात जायचा. त्यानं पेट्रोल चांगलं जळतं आणि कमी लागतं, असं मास्तरांनी कुठंतरी वाचलं होतं. गाव पोट धरून हसलं. लीलाबाईंना मात्र हसू आलं नाही, त्यांचं वर्षाचं लोणचं तीन डब्यांत कोंबावं लागलं होतं.

यंत्र बसलं मंगरूच्या जीपला. पुलगावच्या लष्करी डेपोच्या लिलावातली ती म्हातारी जीप मंगरू आर्वी ते कारंजा सवाऱ्या घेऊन चालवायचा. बरणी बसवण्याआधी नत्थूजींनी स्वतः एक फेरी मारली. जाताना टाकी काठोकाठ भरली, परत आल्यावर मापानं पुन्हा काठोकाठ भरली. लिटरमागे नऊ किलोमीटर पडले. नंतर सेवाग्रामला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी महिनाभर गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. त्यामुळे बरणी लावून जीप चालवली ती मंगरूनं.

तीन फेऱ्या झाल्या. तिन्ही वेळा सव्वाअकरा!

नत्थूजींनी गॅरेजच्या दारावर खडूनं हातभर आकडा लिहिला. हसणारे आता दारात उभे राहून तो वाचू लागले. नागपूरचे एक प्रोफेसर रविवारी येणार होते, स्वतः जीप चालवून बघणार होते. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू उतरत होता, हे नत्थूजींनी फक्त मंगरूला सांगितलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांनी बनवलेलं दुरुस्त केलं. गॅरेजला कुलूप लागण्याआधी एक तरी गोष्ट आपली म्हणून मागं राहावी, एवढीच त्यांची हाव होती. आणि मंगरूचा या म्हाताऱ्यावर फार जीव होता.

शुक्रवारी नत्थूजींनी बरणी उजेडाकडे धरली. "काऊन बे मंगरू, पाणी इतकं कमी काऊन उतरलं? एवढ्या वाटेत याच्या दुप्पट उतराले पाह्यजे."

"बॅटरी कमजोर झाली असन," मंगरू म्हणाला आणि विसरूनही गेला.

शनिवारी सकाळी तळेगावचा उतार लागला. मंगरूच्या हातानं किल्ली फिरवली, इंजिन बंद झालं, जीप नुसती वाऱ्यावर घरंगळू लागली. यात नवं काही नव्हतं. उतार दिसला की किल्ली बंद, हे त्याच्या उस्तादानं आठ वर्षांपूर्वीच्या महागाईत शिकवलं होतं, आणि त्या रस्त्यावरचे सगळेच ड्रायव्हर ते करत. डास मारावा तसा हात आपोआप जायचा. भाजीवाली शकुबाई तर आपलं गाऱ्हाणं उतारासाठीच राखून ठेवायची, कारण तेवढाच वेळ गाडीत माणसाचं बोलणं ऐकू येई.

ती आजही सुनेचं सांगू लागली. पण मंगरूचं लक्ष किल्लीवर गेलं. किल्ली बंद म्हणजे बुडबुडे बंद. म्हणून पाणी कमी उतरलं होतं. नत्थूजींनी आपल्या फेरीत किल्ली बंद केली नसणार. म्हणजे सव्वाअकराचा आकडा बरणीचा नव्हता, उताराचा होता.

गप्प बसावं, असं त्याला वाटलं. पण प्रोफेसर काही उतारावर गाडी बंद करणार नव्हते. भर बाजारात म्हाताऱ्याची फजिती झाली असती. तो परत आला तो थेट गॅरेजमध्ये शिरला आणि एका दमात सगळं बोलून मोकळा झाला.

नत्थूजींनी काळा चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला.

"टाकी भर," ते म्हणाले. "मी येतो संगं."

"अवो, डोळ्याचं काय?" लीलाबाई घरातून ओरडल्या.

"डोळे मिटून बसतो!"

आणि खरंच ते मंगरूशेजारी डोळे मिटून बसले. जाताना प्रत्येक उताराला मंगरूचा हात शिवशिवला, पण त्यानं तो आवरला. कारंज्याहून परतताना शकुबाई रिकामी टोपली घेऊन चढली. पहिल्याच उताराला ती वैतागली, "काऊन रे मंगरू, आज गाडी बंद नाई करून राह्यला? मले बोलाचं हाय ना!"

सगळी जीप हसली. नत्थूजी हसले नाहीत.

आर्वीच्या अलीकडचा शेवटचा उतार आला. मंगरूनं शेजारी पाहिलं. मिटलेले डोळे, मांडीवर ऑईलनं काळे पडलेले हात. त्याचा जीव तुटला. एवढ्या एका उतारानं म्हाताऱ्याला थोडं तरी मिळेल, म्हणून त्यानं हळूच किल्लीकडे हात नेला.

नत्थूजींचा हात त्याच्या मनगटावर येऊन बसला. डोळे मिटलेलेच होते.

"चालू राहू दे," ते म्हणाले.

गॅरेजमध्ये मंगरूनं मापानं टाकी भरली. बापूजी मास्तरांनी दोनदा भागाकार केला आणि खाली मान घालूनच सांगितलं, "सव्वानऊ."

मंगरूला तोंड कुठं लपवावं ते कळेना. नत्थूजी उठले. दारावरचा जुना आकडा तळहातानं पुसला आणि तिथंच, तेवढाच मोठा, सव्वानऊ लिहिला. प्रोफेसर उद्या हाच आकडा वाचणार होते.

"रडून काऊन राह्यला बे?" ते मंगरूला म्हणाले. "सव्वाअकरातले दोन तुह्ये व्हते, ते तुले वापस केले. पाव माहा हाय."

खडूची पूड हाताला लागली होती. ती न पुसताच त्यांनी बरणीत नवं पाणी भरायला घेतलं.