सयाजीरावांचा पहिला अपील अर्ज

मी एक अपील अर्ज बोलतोय. दापोडीतल्या एका भाड्याच्या खोलीत, लोखंडी कपाटावर पडून असतो. पानोपानी खोडाखोड झालेली आहे. मला आता कोणी वाचत नाही.

मला सयाजीरावांनी लिहिलं. चाकणला त्यांचा गाड्यांचे सुटे भाग बनवायचा कारखाना होता. काम देणाऱ्या मोठ्या कंपनीनं पाठ फिरवली, हप्ते थकले आणि कारखाना दिवाळखोरीत गेला. न्यायालयाच्या त्या निकालाविरुद्ध वर अपील करायचं होतं. वकील परवडत नव्हता. भागीदार धनेश फोन उचलत नव्हता. मग सयाजीराव एकटेच लिहायला बसले.

त्यांनी माझ्यात सगळं ओतलं. पहिल्या मशीनला हार घालून काढलेला फोटो, कामगारांच्या घरची लग्नं, बायकोचं आजारपण. ती गेल्यापासून त्यांना बोलायला कोणी नव्हतं, म्हणून माझ्याशीच बोलत होते. अगदी शेवटी त्यांनी एक ओळ लिहिली, की वहिनींचं घरही चुकून कारखान्याच्या मालमत्तेत धरलंय. कारखान्याच्या कागदांवर पत्ता त्या घराचा होता, एवढंच कारण.

सुनावणी मोबाइलवर झाली. मी त्यांच्या मांडीवर होतो.

"ही तुमची हकिगत झाली," न्यायाधीश शांतपणे म्हणाले. "निकालात चूक कुठं आहे, ते यात नाही. दुरुस्तीची परवानगी देतो. सुधारून आणा."

सयाजीराव रोज पेन घेऊन बसायचे आणि काहीच न खोडता उठायचे.

एके दिवशी कुसुमताई, म्हणजे त्यांच्या वहिनी, भाजी-भाकरी घेऊन आल्या.

"भावजी, माज्या घराचं कुटं लिवलंय?"

सयाजीराव पानं उलटत राहिले. शेवटचं पान आल्यावर त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"येवढंच व्हय?"

त्यांनी बोट काढून घेतलं.

"कारखाना तुमचा जीव हाय, ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "पन ह्यांनी ते घर माज्या नावावर घेतलंय. आता ह्या वयात मी कुटं जाऊ?"

त्या गेल्यावर सयाजीरावांनी पहिल्या परिच्छेदावर रेघ ओढली. मग दुसऱ्यावर. बायकोच्या परिच्छेदापाशी पेन बराच वेळ थांबलं. मग तोही गेला. कारखाना परत मागणारं पानही त्यांनी खोडलं. उरली फक्त वहिनींच्या घराची ओळ. तिला त्यांनी खरेदीखत आणि घरपट्टीच्या पावत्या जोडल्या.

नव्या कागदावर उतरवलेला तो सुधारलेला अर्ज दाखल झाला. काही महिन्यांनी घर मालमत्तेतून वगळलं गेलं. कारखाना दुसऱ्यानं घेतला. सयाजीराव आता दुसऱ्याच्या कंपनीत सुपरवायझर आहेत. कंपनीची बस त्यांच्या जुन्या गेटवरून जाते, तेव्हा ते मोबाइलमध्ये बघत बसतात.

नव्या अर्जात त्यांना 'अपीलकर्ता' म्हटलंय. त्यांच्या बायकोचं नाव त्यात कुठंच नाही. ते फक्त माझ्यात आहे.

उद्या रद्दीत तुमच्या हाती लागलो, तर पुडी बांधायच्या आधी एकदा वाचा मला. रेघा बारीक आहेत. खालची अक्षरं अजून लागतात.