काचेबाहेरचं बेसिन

मदतनीस परिचारिकांच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईंना मुली पाठीमागं साबणबाई म्हणत. हात धुण्यात त्यांना कणभर हयगय खपत नसे. तळव्यावर तळवा, मग हातांची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं. एक जागा सुटली की पुन्हा पहिल्यापासून. "अंगठा काय माहेरी गेलाय?" असं त्या विचारत आणि अख्खा वर्ग खाली मान घालून हसे.

थोरली मात्र हसत नसे. घरीदारी सगळे तिला थोरलीच म्हणत, इथंही तेच नाव चिकटलं होतं. तिची आई याच इस्पितळात वरच्या मजल्यावर होती. जालीम औषधांनी आईच्या अंगातली ताकद पार संपवली होती. साधी सर्दीसुद्धा तिला झेपली नसती. म्हणून नातेवाइकांनी काचेबाहेरूनच बघायचं. पण हात धुण्याच्या परीक्षेत पास झालेल्या मुलींना त्या वॉर्डात कामाला घेत. नोकरीबिकरीचं थोरली नंतर बघणार होती. आधी तिला आईच्या कपाळावरून एकदा हात फिरवायचा होता.

काचेबाहेरच्या बेसिनवर ती सराव करायची आणि आई उशीला टेकून बघत राहायची. धुऊन झालं की हात कागदानं पुसायचे, मग तोच कागद धरून नळ फिरवायचा, कारण नळ आधी घाणेरड्या हातांनीच सोडलेला असतो. तोवर पाणी वाहिलं तर वाहू द्यायचं. ती धार बघून आईचा जीव खालीवर व्हायचा. उभा जन्म लांबून पाणी वाहून आणलेली बाई ती. काचेआडून बोटं फिरवून ती खुणा करायची, अगं, बंद कर की तो नळ! थोरलीला हसू यायचं, आणि आईचं मन मोडवत नाही म्हणून ती ओल्या हातानंच झटकन नळ बंद करायची.

परीक्षेतही तेच झालं. अंगठे झाले, नखं झाली, बाईंनी मान डोलावली. आणि कागद घेण्याआधीच थोरलीचा हात आपसूक नळावर गेला.

"झालं! सगळी घाण परत हातावर घेतलीस," बाई म्हणाल्या. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खोटं नाही. उद्या सकाळी पुन्हा ये."

"बाई, आजच एकदा बघा ना. वर माझी आई आहे हो."

"आई आहे म्हणूनच उद्या. हेच हात तिला लावणार ना?"

थोरलीला राग आला. बाईंचं बरोबर होतं, याचा तर जास्तच आला. संध्याकाळी तिनं काचेवर टकटक करून आईला खुणेनं सांगितलं, उद्या येते आत. आईनं मान हलवली.

पहाटे आई गेली.

फोन येताच थोरली धावत आली. वॉर्डाच्या दाराशी साबणबाई उभ्या होत्या. सवयीनं ती बेसिनकडे वळली, बाह्या वर केल्या.

"राहू दे," बाई हळूच म्हणाल्या. "आता तशीच ये. आता तिला कशाचीच भीती नाही."

दोघींनी मिळून आईचं अंग पुसलं. थोरलीनं कपाळावरून हात फिरवला. कपाळ गार होतं. मग तिनं आईच्या उरल्यासुरल्या केसांना तेल लावलं आणि ते विंचरले.

"काल मी..." बाई म्हणाल्या.

"तुमचं बरोबरच होतं," थोरली म्हणाली. ते तिला मनापासून पटलं होतं. तरी तिनं बाईंना माफ केलं नव्हतं, आणि स्वतःला तर नाहीच.

आईला नेल्यावर थोरली बेसिनशी आली. हात तिनं नाकाशी धरले होते. आईच्या केसांचा आणि तेलाचा वास त्यांना लागला होता.

"धुवायलाच हवेत का?"

बाईंनी साबण तिच्यापुढं सरकवला. "हो गं बाळा. शेजारच्या खोलीतही कुणाची तरी आई आहे."

थोरलीनं नळ सोडला, साबण घेतला आणि तळव्यांपासून सुरुवात केली. अंगठ्यांपर्यंत येईस्तोवर वास गेला होता. तरी नखं राहिली होती, म्हणून ती रडत रडत तीही धूत राहिली.