चाळीस पोरांवरचा एक लेयर

आमच्या स्टुडिओतून सावळं पोर बाहेर पडत नाही. शेठचा हुकूमच आहे. शाळेचा ग्रुप फोटो आला की मी त्यावर ॲडजस्टमेंट लेयर चढवतो. मूळ फोटोला हात न लावता वर नुसता एक थर, आणि खालची अख्खी फौज एका झटक्यात गोरी. सोळा वर्षं हीच हमाली करतोय.

या वेळी तिसरी ब आली. दुसऱ्या रांगेत चौथी माझी पोरगी. रंग माझा, पुढचे दोन दात गायब, तरी तोंडभर हसलेली.

तिच्यावर थर चढवायला हात धजेना. लेयरच्या मास्कवर काळा ब्रश फिरवला की तेवढ्या जागेवरून थर उठतो. मी तिच्यापुरता उठवला. एक तरी चेहरा खरा राहिला म्हणून स्वतःवरच खूश झालो. गाढव!

शाळा सुटल्यावर ती आली आणि दप्तरासकट स्क्रीनसमोर थबकली.

"बाबा, मलाच का काळं केलंस?"

"केलं नाही गं. तू आहेस तशीच ठेवलीय."

"खोटारडा! माझ्या शेजारची माझ्यापेक्षा काळी आहे. इथे बघ कशी गोरी दिसतेय."

बरोबर होतं तिचं. एकोणचाळीस गोऱ्यांत मी लेकीला एकटीलाच उघडं पाडलं होतं.

मी अख्खा लेयरच बंद केला. सगळी पोरं आपापल्या रंगात परतली.

"हां, हे आम्ही!" ती खिदळली.

"ए शहाण्या, चालू कर तो," मागून शेठ गरजले. "दरवर्षी उजळ फोटो जातात. असे दिले तर पोरांच्या आया मला उभा चिरतील. चारला प्रेसला फाईल जायचीय. आणि मघाशी लेयर चालू असताना ती एक पोरगी डागासारखी का दिसत होती?"

"शेठ, ती हीच. माझी."

शेठनी तिच्याकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "मग तर आधी तिला सारखं कर. बाप आहेस ना?"

शेठच्या तोंडावर नोकरी फेकून निघावं, असं वाटलं. पण जाणार कुठे? पलीकडच्या स्टुडिओत तर तीन शेड उजळतात. मी लेयर चालू केला. रांगेतली चौथी पुन्हा काळीठिक्कर.

तिने माझी बाही ओढली. "कर ना बाबा. मला एकटीला नको ठेवूस."

मी पांढरा ब्रश घेतला, उठवलेला थर परत चढवणारा. कपाळापासून सुरुवात केली. ती स्क्रीनला नाक लावून बघत होती.

"कानाजवळ राहिलंय," ती म्हणाली.